आज्ञा मोडल्यावर काय उरते?

राजापूरला पाप धुण्याच्या दोन जागा आहेत. शहराला लागून धोपेश्वर गावी मृडानी नदीच्या काठावर धूतपापेश्वराचे देऊळ आहे. पाप धुऊन टाकणारा ईश्वर, असे त्याच्या नावातच सांगितले आहे. दुसरी जागा उन्हाळे गावची गंगा. तिची चौदा कुंडे महिनोन्महिने कोरडी असतात आणि मग एके दिवशी भरून वाहू लागतात. साधारण तीन वर्षांनी गंगा येते असे जुनी माणसे सांगतात, पण ती आपल्या मर्जीने येते आणि मर्जीने जाते. ती आल्याची बातमी पसरली की घाटावरून माणसे स्नानाला लोटतात.

तिसरे पाणी राजापूरकरांच्या रोजच्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली फुगल्या की जवाहर चौकात पाणी शिरते आणि दुकानदार रात्रीतून माल वरच्या फळ्यांवर चढवतात. याच अर्जुनेच्या खाडीने एकेकाळी राजापूरला नावाजलेले बंदर केले होते. पुढे गाळ भरत गेला आणि मोठी गलबते वर येईनाशी झाली. नदीने आपल्याला शिक्षा केली, असे पुरानंतर कुणी म्हणत नाही. डोंगराची माती खाली आली, पात्रात बसली आणि पाण्याला जागा उरली नाही. वर्षानुवर्षांचे साचलेले एका रात्रीत बाजारपेठेत येऊन उभे राहते.

देवाची आज्ञा मोडली तर काय होते, या प्रश्नावर ख्रिस्ती शिकवण काय सांगते हे वाचताना मला हा गाळ पुन्हा पुन्हा आठवत राहिला. ‘देव शिक्षा करतो’ हे त्याचे सर्वांत परिचित उत्तर, आणि बायबलमध्ये तसे सांगणारी पाने भरपूर आहेत. पण दोन हजार वर्षांचे ख्रिस्ती चिंतन आणि त्याच्या पाठीमागची हिब्रू परंपरा एकत्र पाहिली, तर शिक्षेच्या खाली एक जास्त खोल विचार वाहताना दिसतो. आज्ञा मोडणे म्हणजे नाते मोडणे, आणि मोडलेल्या नात्याचा गाळ मोडणाऱ्याच्या आयुष्यात, शेजाऱ्याच्या अंगणात आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला साचत जातो. या लेखात त्या विचाराचा माग काढायचा आहे.

करार आधी, आज्ञा नंतर

मराठी बायबलच्या दोन भागांची नावे ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशी आहेत. प्रश्नाची किल्ली या ‘करार’ शब्दात आहे. निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या जातात, पण आरंभ आज्ञेने होत नाही. मिसरच्या गुलामगिरीतून मी तुम्हांला बाहेर काढले, ही आठवण देव आधी करून देतो. सुटका आधी, नियम मागाहून. ज्याने सोडवले त्याच्याशी कसे वागायचे आणि सुटलेल्यांनी एकमेकांशी कसे वागायचे, हे त्या दहा वाक्यांत आहे. यहुदी परंपरा ही आठवणच पहिली आज्ञा मानते. कॅथलिक आणि लूथरन मूर्तीविषयीची आज्ञा पहिलीत धरतात आणि लोभाच्या दोन करतात. इतर बहुतेक प्रोटेस्टंट ती वेगळी मोजतात. मोजणी वेगवेगळी असली तरी मजकूर सर्वांचा एकच आहे.

करार मोडला तर काय, हे अनुवाद पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय सांगतो. अडुसष्ट वचनांपैकी पहिली चौदा आशीर्वादाची आहेत आणि उरलेली चोपन्न शापाची : दुष्काळ, रोग, पराभव, देशोधडी. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. प्राचीन पश्चिम आशियात सम्राट आपल्या मांडलिकांशी करार करत, तेव्हा शेवटी शापांची अशीच लांबलचक यादी जोडत. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये केलेले असे करार उत्खननात सापडले आहेत. इस्राएलने त्या काळच्या राजनीतीची भाषा घेतली आणि एक धाडसी फेरफार केला. निष्ठा सम्राटाला वाहायची, तिथे ती गुलामांना सोडवणाऱ्या देवाला वाहिली.

हिब्रू भाषेतही एक अर्थपूर्ण खूण आहे. ‘आवोन’ या शब्दाचा अर्थ अपराध असाही होतो आणि अपराधाचा भोग असाही होतो. काइन हाबेलाला मारून उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द आहे. मला सोसवत नाही असे तो म्हणतो ते पापाविषयी की शिक्षेविषयी, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते, कारण मूळ शब्द दोन्ही सामावून घेतो. जर्मन अभ्यासक क्लाउस कॉख यांनी १९५५ मध्ये हा धागा पकडून मांडले की जुन्या करारात बऱ्याच ठिकाणी देव न्यायाधीशासारखा बाहेरून दंड ठोठावत नाही. कृतीच्या पोटातच तिचा परिणाम वाढत असतो आणि देव तो पूर्णत्वाला जाऊ देतो. पुढच्या अभ्यासकांनी या मताला मुरड घातली. देव निर्णय करतो, क्रोध करतो, अशी वचने काही थोडी नाहीत. पण कृती आणि परिणाम यांच्यात कायद्याच्या कलमापेक्षा घट्ट नाते आहे, हा मुद्दा टिकला.

विश्वास मोडला की काय होते, याचे एक उदाहरण राजापूरच्या इतिहासातच आहे. ते धर्मशास्त्राचे नाही, राजकारणाचे आहे. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती, दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्याने लढाईत पडू नये, हा व्यापाराचा साधा दंडक त्यांनी मोडला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि त्यांना कैद केले. सुटकेला जवळजवळ दोन वर्षे लागली. कैदेतून त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. उत्तर आले ते असे की तुम्ही कंपनीच्या मालासाठी कैदेत नाही, इंग्रजी निशाणाखाली पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून आहात. भोग त्यांच्या कृतीतून निघाला होता आणि त्यांच्याच माणसांनी तो त्यांना दाखवून दिला. राजाच्या न्यायाला देवाचा न्याय म्हणण्याची गरज नाही. पण विश्वासाचा दंडक मोडणे स्वतःबरोबर आपला परिणाम घेऊन चालते, हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

नाबोथाचा मळा

आज्ञाभंगाची साखळी कशी वाढत जाते हे पाहायचे तर १ राजे पुस्तकातली नाबोथाची गोष्ट कोकणी माणसाने वाचावी. वडिलार्जित जमीन, सामाईक सातबारा, वहिवाटीचे वाद यांत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. अहाब राजाला वाड्याशेजारचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा असतो. तो चांगली किंमत देऊ करतो. नाबोथ नकार देतो, कारण ती वाडवडिलांची जमीन आहे. राजा तोंड फिरवून, अन्न टाकून पडून राहतो. मग ईजबेल राणी सूत्रे हाती घेते. राजाच्या शिक्क्यानिशी पत्रे जातात, देवाच्या नावाने उपवास जाहीर होतो, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथाने देवाची निंदा केली असा आरोप होतो, त्याला दगडमार करून ठार केले जाते आणि मळा राजाच्या ताब्यात येतो.

आरंभ झाला तो लोभापासून, म्हणजे कुणालाही न दिसणाऱ्या दहाव्या आज्ञेच्या भंगापासून. मग देवाच्या नावाचा गैरवापर, खोटी साक्ष, खून आणि चोरी ओळीने आली. गावचे वडीलधारे सामील झाले, न्यायसभा विकली गेली. आज्ञा एकेकटी मोडत नाही, हे या गोष्टीइतके स्पष्ट क्वचितच कुठे सांगितले असेल. एलीया संदेष्टा राजाला त्या मळ्यातच गाठतो आणि त्याच्या घराण्याचा नाश सांगतो. अहाब गोणपाट नेसतो, नमतो आणि शिक्षा त्याच्या मुलाच्या काळापर्यंत लांबते.

इथे वाचक अडखळतो आणि त्याने अडखळावेच. बापाने पश्चात्ताप केला आणि भोगायचे मुलाने? शिवाय २ राजे पुस्तक ओझरते सांगते की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचेही रक्त सांडले होते. ते कशाचे फळ होते? खुद्द बायबलला हा प्रश्न टोचत राहिला.

आंबट खाणारा एक, दात आंबणारा दुसरा

बापांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीला विचारला जातो, असे दहा आज्ञांच्या आतच म्हटले आहे. त्याच श्वासात दयेसाठी हजारो पिढ्यांचे माप दिले आहे, ते आपण विसरतो. तरी प्रश्न राहतो. इ.स.पू. ५८७च्या सुमारास यरुशलेम पडले आणि लोक बाबेलला नेले गेले, तेव्हा बंदिवानांत एक म्हण फिरू लागली : आंबट खाणारे वडील आणि दात आंबणार ते आमचे. यिर्मया आणि यहेज्केल या दोघा संदेष्ट्यांनी ती म्हण मोडीत काढली. यहेज्केलचा अठरावा अध्याय आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या समोर ठेवतो आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडतो. अखेर तो सांगतो की कुणाच्याही मरणात देवाला संतोष नाही, माणसाने फिरावे आणि जगावे हीच त्याची इच्छा आहे.

मग दोन्हींपैकी खरे काय? माझ्या वाचनात दोन्ही खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. दोष वारशाने जात नाही, गाळ जातो. दारुड्या बापाचे पाप पोराच्या माथी नाही, पण गहाण पडलेले घर त्याच्या वाट्याला येते. यहेज्केल पहिली गोष्ट ठणकावून सांगतो, निर्गम दुसरी नोंदवतो.

ईयोबाचे पुस्तक याच्याही पुढे जाते. ईयोब नीतिमान आहे आणि तरी त्याचे सर्वस्व जाते. सांत्वनाला आलेले मित्र त्याला समजावतात की तुझ्या हातून काहीतरी घडले असणार, एरवी असे होत नाही. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. दुःख दिसले की त्यामागे पाप शोधणारे ते शास्त्रशुद्ध बोलत होते, आणि त्यांचेच बोलणे देवाविषयी खोटे ठरले. आज्ञाभंगाला परिणाम असतो, यावरून प्रत्येक दुःख आज्ञाभंगाचा परिणाम आहे असे ठरत नाही. हा धडा बायबलने ख्रिस्ताच्या कितीतरी आधी शिकवला होता आणि तो पुन्हा पुन्हा विसरला गेला.

येशूने प्रश्न फिरवला

नव्या करारात येशू आज्ञा सैल करत नाही, उलट त्या मनाच्या आत नेतो. डोंगरावरील प्रवचनात तो खुनाचे मूळ रागात आणि व्यभिचाराचे मूळ नजरेत दाखवतो. साऱ्या आज्ञा तो दोनांवर टांगतो, देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. त्यामुळे आज्ञाभंगाची व्याख्याच बदलते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दृश्यात डावीकडच्यांवर चोरीचा वा खुनाचा आरोप नाही. भुकेल्याला खाऊ घातले नाही, परक्याला घरात घेतले नाही, तुरुंगातल्याला भेटले नाहीत, एवढेच त्यांच्याकडून घडले. जे केले नाही त्याचाही गाळ साचतो.

दुसरीकडे, दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवण्याचा हक्क तो काढून घेतो. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते इतरांहून अधिक पापी होते का, असे तो स्वतःच विचारतो आणि नाही म्हणतो. मग ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्तापाची हाक देतो. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. कारणाची चौकशी थांबते आणि काम सुरू होते.

उधळ्या मुलाच्या दाखल्यात तर शिक्षा करणारा कुणी नाहीच. बाप वाटणी देतो, मुलगा दूर देशी जातो, पैसा उधळतो, दुष्काळ पडतो आणि तो डुकरांच्या शेंगांकडे आशेने पाहू लागतो. इतक्या खाली तो आपल्याच पावलांनी आलेला असतो. बाप फक्त वाटेकडे डोळे लावून आहे. हिब्रूत पश्चात्तापाला ‘शूव’ म्हणजे परत फिरणे म्हणतात. हा दाखला म्हणजे त्या एका क्रियापदाची गोष्ट आहे. तिच्या शेवटी थोरला भाऊ दाराबाहेर उभा आहे. त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही, आणि तरी तोच घराबाहेर राहिला आहे.

मंडळ्यांची मते

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या क्रोधाचे वर्णन मोठे विलक्षण आहे. देव वीज टाकत नाही, तो माणसांना त्यांच्याच वासनांच्या हाती सोडून देतो. पापाला तो मजुरी म्हणतो, आणि ती मजुरी मरण आहे. गलतीकरांच्या पत्रात पेरणी आणि कापणीचा दृष्टान्त येतो. कर्मफळाच्या विचारात वाढलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटते. फरक पुढच्या पावलाला आहे. पौलाच्या मते ही मजुरी चुकती करायला देव स्वतः ख्रिस्ताच्या वधस्तंभावर उतरला. त्यासाठी मराठी बायबलात येणारे शब्दही आपल्या व्यवहारातले आहेत. ‘खंडणी’ हा एक. ‘तारण’ हा दुसरा, ज्याचा बाजारातला अर्थ कर्जासाठी ठेवलेली हमी असा आहे.

पुढच्या शतकांत मते फुटली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने पेलाजियसशी वाद घालताना मांडले की आदामाच्या आज्ञाभंगाचा दोष मानवजातीला वारशाने लागला आहे आणि कृपेवाचून इच्छाशक्तीही पांगळी आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने दोषाचा वारसा मानला नाही, तिच्या मते वारशाने आले ते मरण आणि दुबळेपण. पाश्चात्त्य चर्चने महापाप आणि लघुपाप असा भेद केला, आणि त्याहून मोलाचा दुसरा एक : पापाची क्षमा झाली तरी त्याने घडवलेली हानी भरून काढायची उरते. पापनिवेदनात, म्हणजे गोव्या-कोकणातल्या ‘कुमसारा’त, धर्मगुरू क्षमेबरोबर प्रायश्चित्त सांगतो ते यासाठी. चोरी कबूल केली तर माल परत करणे सुटत नाही.

या प्रायश्चित्ताचा बाजार झाला तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन लूथर उभा राहिला. माणूस भरपाई करून नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो, हे त्याचे म्हणणे. कॅल्विनने आज्ञांचे तीन उपयोग सांगितले : समाजाला आवर घालणारा लगाम, आपले पाप दाखवणारा आरसा आणि विश्वासणाऱ्याला वाट दाखवणारा दिवा. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक बाजू पक्की केली. साडेचारशे वर्षांनी, १९९९ मध्ये, लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी आउग्सबुर्ग येथे एकत्र निवेदनावर सही केली की तारण कृपेने मिळते आणि सत्कृत्ये त्याचे फळ आहेत.

राशोलच्या ओव्या आणि गोव्याची शिक्षा

ही शिकवण मराठीत पहिल्यांदा मोठ्या रूपात आली ती कोकणपट्टीवरच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. त्याचा पहिला भाग जुन्या करारावर आहे : सृष्टी, आदामाचे पतन, मोशे, दहा आज्ञा. स्वर्गाला स्टीफन्स ‘वैकुंठ’ म्हणतो. पुराणाच्या घाटात आणि लोकांच्या शब्दांत सांगितल्याशिवाय आज्ञेचा अर्थ लोकांपर्यंत पोचणार नाही, हे त्याला उमगले होते.

त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते. मधल्या काही वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. धर्मांतरितांनी जुन्या चाली पाळल्या, तुळस ठेवली, अशा आरोपांवरून माणसे पकडली गेली. देवाच्या आज्ञा मोडल्याचा दंड वसूल करायला माणसांनी न्यायासन मांडले आणि नाबोथाच्या गोष्टीतल्याप्रमाणे देवाचे नाव पुढे करून साक्षी घेतल्या. यात खुद्द आज्ञा किती मोडल्या गेल्या, याचा हिशेब चर्चला कधीतरी मांडावाच लागणार होता. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल जाहीर क्षमा मागितली.

शिक्षेचा उतावळेपणा एकाच धर्माचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याची झळ आधी त्यांच्या पत्नीला लागली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ त्या ताटातुटीची साक्ष आहेत. धर्म मोडल्याचा भोग कुणी कुणाला द्यायचा, हे माणसे फार घाईने ठरवतात.

गोरेशास्त्रींचा आक्षेप

मराठी मनाने या शिकवणीला विचारलेला सर्वांत कठीण प्रश्न नीळकंठशास्त्री गोरे यांचा आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. जॉन म्यूरने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मत मांडले होते, त्याचे हे खंडन होते. आक्षेप नेमके होते. एकच जन्म मानला तर जन्मतःच वाट्याला येणाऱ्या दुःखाला काय कारण? आणि एका छोट्या आयुष्यातल्या पापाला अंतहीन नरक, हा कुठला न्याय? कर्मसिद्धान्तात निदान मापाला माप आहे.

याच गोरेशास्त्रींनी १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि १८९५ मध्ये वारले. शंका त्यांना त्यानंतरही गाठत राहिल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटते की त्यांना प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, पण प्रश्न ज्याला विचारायचा तो मिळाला. कर्माच्या नियमाशी बोलता येत नाही, पित्याशी भांडता येते. हाच दोन विचारांमधला खरा फरक आहे. आणि तुकोबांच्या अभंगांत वाढलेल्या मराठी माणसाला देवाशी भांडणे शिकवावे लागत नाही. टिळकांनी आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, त्याला हा अर्थ आहे.

गोऱ्यांच्या विचारांचा प्रभाव पडलेल्या पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न हातांनी सोडवला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. पाप कुणाचे, हा प्रश्न त्यांनी त्या मुलींना विचारला नाही. विधवा म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे ऐकून दबलेल्या बायकांना त्यांनी काम, अक्षर आणि आपला देव दिला. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जागृतीची लाट आली आणि मुली रडून आपापली पापे कबूल करू लागल्या. आधी अन्न आणि आसरा, मग पश्चात्ताप. सीनायवर सुटका आधी आणि आज्ञा मागाहून आली, तोच क्रम केडगावात दिसतो.

नरकाविषयी

शेवटच्या परिणामाविषयी ख्रिस्ती जग कधीच एकमुखी नव्हते. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने अखेर सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा मांडली. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात त्याच्या मतांचा धिक्कार झाला, पण तशीच आशा धरणारा निसाचा ग्रेगरी आजही संत मानला जातो. ऑगस्टीनने अनंत शिक्षेची बाजू घेतली आणि पश्चिमेत तीच रूढ झाली. अॅडव्हेंटिस्टांसारखे काही गट म्हणतात की दुष्ट अनंतकाळ जळत नाहीत, त्यांचा अंत होतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात नरकाची व्याख्या माणसाने स्वतःला देवापासून कायमचे तोडून घेणे अशी आहे. दार आतून बंद आहे, असा त्याचा सारांश काढता येईल. गोरेशास्त्रींच्या आक्षेपाला हे पुरे उत्तर नाही. पण शिक्षेची भाषा इथे पुन्हा दुराव्याच्या भाषेकडे वळली, हे महत्त्वाचे आहे.

गाळ उपसणे

गेल्या पन्नास-साठ वर्षांत या विचाराला आणखी एक बाजू जोडली गेली. १९६८ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांनी मेडेयीन येथे अन्याय्य रचनांमधल्या पापाविषयी बोलायला सुरुवात केली. जॉन पॉल दुसऱ्यांच्या १९८४ च्या पत्रात ‘सामाजिक पाप’ या कल्पनेची चर्चा आहे, आणि ते व्यक्तीची जबाबदारी झाकण्यासाठी वापरू नये असा इशाराही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ लिहून धरतीची हानी हेही पापच, हे स्पष्ट केले. डोंगर बोडके झाले की पूर खाली राहणाऱ्याच्या घरात शिरतो, तोडणाऱ्याच्या नव्हे. अनुवाद पुस्तकात आज्ञांच्या बरोबरीने मजुराची मजुरी सूर्यास्ताआधी देण्याचा आणि शेतात विसरलेली पेंढी अनाथ-विधवांसाठी सोडण्याचा नियम आहे. आज्ञाभंग म्हणताना आपल्या मनात चोरी-व्यभिचार येतो, बुडवलेली मजुरी क्वचित येते. आमोस संदेष्ट्याच्या यादीत मात्र गरिबांची लुबाडणूक फार वर आहे.

राजापूर आज कॅथलिक व्यवस्थेत २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते. या पट्ट्यातले ख्रिस्ती मूठभर आहेत. पण या लेखातला प्रश्न त्यांच्यापुरता नाही. पाप धुण्याची ओढ धोपेश्वराला जाणाऱ्याला आहे, गंगेत उतरणाऱ्याला आहे, गुडघे टेकून कुमसार करणाऱ्यालाही आहे. धुतल्यानंतर काय, हा सगळ्यांचाच प्रश्न आहे.

ख्रिस्ती शिकवणीत त्याचे मला सर्वांत पटलेले उत्तर लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. यरीहोचा जकातदारांचा मुखिया जक्कय, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो. दंड नाही, दटावणी नाही, एकही अट नाही. मग जक्कय आपण होऊन उभा राहतो आणि निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असे जाहीर करतो. क्षमा आधी आली. तिच्यामागून हिशेबाची वही उघडली, आणि ती त्याने स्वतः उघडली. ज्यांना लुबाडले त्यांची घरे त्याला माहीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुठल्या दारांवर जायचे आहे, हे त्याला कुणी सांगावे लागले नसेल.

देवाची आज्ञा मोडल्याचा परिणाम कोणता, या प्रश्नावर मी इथवर येऊन थांबतो. मोडलेले नाते देव जोडतो, ते आपल्या हातचे नाही. गंगेप्रमाणे ते त्याच्या मर्जीने येते. पात्रात बसलेला गाळ मात्र आपणच टाकलेला आहे, आणि तो उपसायला आपल्यालाच गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. पुढचा पावसाळा येण्याआधी.